घरून नेलेलं पाणी
मी राहते त्या ‘ते रापा’ नावाच्या उपनगरात ओल्या पाइनचा वास आला की मला ते ओसाड माओरी गाव आठवतं. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली वयस्क माओरी नर्स मला तिच्या त्या जन्मगावी घेऊन गेली होती. लाकूड कापायची मिल आली तेव्हा गाव भरलं, शाळा झाली. मिल बंद पडली आणि माणसं ऑकलंडला निघून गेली. गवतात नुसती धुराडी उभी होती. तिच्या आईवडिलांच्या थडग्यांपाशी आम्ही थांबलो. फाटकाजवळचा नळ कोरडा होता, म्हणून घरून आणलेलं पाणी तिने माझ्या हातांवर ओतलं. म्हणाली, “इथून तसंच घरी जायचं नसतं.” “आमच्यातही हेच,” मी म्हटलं. बाबा गेले तेव्हा मला भारतात पोचता आलं नव्हतं. माझे हात धुवायचे राहून गेले होते. हल्ली तिला गाडी चालवता येत नाही. मीच तिला तिथे नेते, आणि निघताना बाटली आठवणीने भरून घेते.