कोयीचा राखणदार

आंब्याची कोय चांगली चोखून, धुवून, वाळवली की तिला म्हाताऱ्याचं तोंड येतं. हे मला कोणी शिकवलं नाही. कोय खापराच्या तुकड्याने एका बाजूने खरवडायची, म्हणजे गाल निघतात. दुसऱ्या बाजूचे तंतू फणीने विंचरायचे, म्हणजे दाढी होते. मानकुरादची कोय असेल तर म्हातारा सोशिक दिसतो. रायवळची असेल तर भांडखोर.

मी चौथीपर्यंत शिकले, पेडण्याकडच्या एका गावात. लग्न होऊन डिचोलीकडे आले. नवरा सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. त्याचे कपडे धुतले की बादलीच्या तळाला लाल गाळ बसायचा. तो मी टाकत नसे. डिंकात कालवला की झकास रंग व्हायचा, पावसातसुद्धा न जाणारा. करवंटीची कासवं, शेवरीच्या कापसाचे बगळे, पोफळीच्या गळून पडलेल्या झावळीचा रुंद देठ, म्हणजे विरी, तिची होडी, असं काय काय मी करायची. माझा बाप खेकड्याच्या लग्नाची एक गोष्ट सांगायचा. नवरा तिरका चालतो म्हणून वरात मांडवात पोचतच नाही, शेवटी मांडवच तिकडे न्यावा लागतो. त्या लग्नाची मी सगळी वरात केली होती. वाजंत्री काजूच्या बियांचे. काजूची बी जन्मतःच पोट सुटलेली असते, तिच्या गळ्यात ढोल चांगला शोभतो.

हे सगळं राहायचं न्हाणीवरच्या माळ्यावर, आणि भांडण त्या माळ्यावरून होतं. सासूला तो पावसाळ्याच्या सरपणाला हवा होता. पूर्वी तिथे नारळाची सोडणं आणि काजूच्या काटक्या असायच्या. आता तिथे खेकड्याचं लग्न होतं. दोन पावसाळे आम्ही ओल्या लाकडांच्या धुरात पाणी तापवलं. माझ्यामुळेच, ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

गोवा राज्य झालं त्याच्या आसपासची ही गोष्ट. वैशाखात आमच्या गावची जत्रा. आठवडाभर आधी सासू शिडीवर चढली, माळ्यावर नजर टाकली आणि खाली उतरून मला म्हणाली की जत्रेत मांड, विकलं गेलं तर माळा तुझा. नाहीतर परत येईल ते सगळं न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखाली जळायला जाईल, आणि तीच घालेल. ती बोलली की करायची. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? विकलं जाईल असं मलाही वाटत नव्हतं. पण जळायच्या आधी चार लोकांनी बघावं, एवढं वाटत होतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी एक मानकुरादची कोय उरली होती. तिचा राखणदार केला. आमच्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार असतो. तो रात्री काठी टेकत गावभर फिरतो आणि चुकलेल्या माणसाला घरापर्यंत सोडतो. लोक त्याला बिडी देतात, केळं देतात, आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून नव्या वहाणाही देतात. मी त्याला फाटक्या कांबळ्याचा तुकडा पांघरला, बांबूच्या काडीची काठी दिली. वहाणा केल्या त्या नवऱ्याच्या जुन्या चपलेच्या पट्ट्याच्या. त्या टाचेकडे झिजलेल्या होत्या, कारण पट्टाच झिजलेला होता. नवं कातडं माझ्याकडे नव्हतं, एवढंच.

जत्रेत चिंचेखाली गोणपाट पसरून बसले. एका बाजूला खाजेवाली, दुसऱ्या बाजूला वहाणा विकणारा चांभार. समोर प्लास्टिकच्या मोटारी घेऊन एक बेळगावकडचा माणूस. पोरं त्याच्याकडे. माझ्याकडे यायची ती हात लावायला. तेव्हा मराठी की कोंकणी हा वाद घरोघर पेटला होता, भिंती रंगल्या होत्या. दोन कॉलेजातली मुलं आली, वरात बघून हसली, आणि एकाने विचारलं की हे वाजंत्री मराठी की कोंकणी. मी म्हटलं, काजू आहेत, भाजले तर दोघांनाही चालतील. हसली आणि काही न घेता गेली.

उन्हं कलली तरी एक वस्तू हलली नव्हती. मग सावंतवाडीकडचा एक माणूस आला. खाणीवर कामाला होता, अंगावर तीच लाल माती. मुलीसाठी काहीतरी हवं म्हणाला. त्याने राखणदार उचलला, उलटा केला आणि पाय बघितले. मग त्याला दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

"बाय, ह्येच्यो व्हाणो झिजल्यात," तो म्हणाला.

मी म्हटलं, जुन्या चपलेच्या आहेत. त्याने ऐकलं नाही. कानामागची बिडी काढून राखणदारापुढे ठेवली, हात जोडले आणि गेला.

तिथून सगळं बिघडलं. मागे उभ्या असलेल्या दोन बायांनी विचारलं कोण आहे, तर चांभाराने सांगितलं राखणदार आहे, पाय बघा. एकीने केळं ठेवलं. दुसरीने मुलासाठी घेतलेला पाव अर्धा मोडून ठेवला. बघता बघता माझ्या गोणपाटापुढे रांग लागली. बिड्यांचा ढीग, केळी, कोणीतरी उदबत्तीसुद्धा खोचली. विकत मात्र कोणी काही घेईना. राखणदारासमोर घासाघीस कोण करणार? खेकडा, वाजंत्री, कासव, सगळे त्याच्या पालखीतले असल्यासारखे लोक लांबूनच बघत होते. मी सांगत होते, अगो, ही आमच्या परसातल्या मानकुरादची कोय आहे, मीच चोखलीय. एक म्हातारी मला म्हणाली, "कोयीचो असलो म्हणून काय झाला? देवळातलो पण दगडाचोच."

तेवढ्यात सासू आली. हातात रिकामी पाटी होती, उरलेलं घरी न्यायला. गर्दी बघून तिला वाटलं, मालाला गिऱ्हाईक लागलंय. पुढे आली आणि थबकली. आधी चपला काढल्या. मग खाली वाकून त्याचे पाय बघितले. मग माझ्याकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ह्याका भाणाखाली घालूक निघालं होतंस?"

"मी नाय, मांय. घालणार तुमी होतात."

तिचे ओठ हलले. शिवी होती की प्रार्थना, मला आजही सांगता येणार नाही. पण माझी सासू बाजारात वाढलेली बाई. रांग बघून तिला कळलं की अशाने संध्याकाळपर्यंत आपण केळीच नेणार. तिने पदर पुढे केला, राखणदाराला त्यात घेतला आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तो एका जाग्यार बसान रवना नाय. त्येची फिरतीची वेळ झाली." आणि बिड्या, केळी पाटीत भरून चिंचेच्या पलीकडे जाऊन बसली.

सासू वळली तशी ती मघाची म्हातारी राखणदाराशेजारी होतं ते कासव मागायला लागली. मग त्याच्या उजव्या हाताचा बगळा. खेकडा अन् नवरी एकाने नेली, वाजंत्री दुसऱ्याने, आणि दोघे तिथेच भांडले की वरात फोडायची नसते. मी म्हटलं, गोष्टीत पण ते पोचत नाहीत. प्लास्टिकवाला स्वतः होडी घेऊन गेला. उरलं ते एक लंगडं कासव, आणि राखणदार. तो तर विकायचाच नव्हता आता.

घरी येताना मी विचारलं, माळा कोणाचा. सासू म्हणाली की राखणदाराच्या डोक्यावर सोडणं रचणारी बाई अजून जन्माला आली नाही, सरपण गोठ्यात जाईल. बिड्या माझ्या नवऱ्याने महिनाभर ओढल्या. प्रत्येक वेळी आधी वर बघून हात जोड, म्हणून तिने त्याच्या मागे लकडा लावला होता.

पुढच्या वर्षी चांभाराने न मागता अंगठ्याएवढ्या नव्या वहाणा करून आणल्या. टाके इतके बारीक की मला बघायला डोळे ताणावे लागले. तेव्हापासून सासू गेली त्या वर्षापर्यंत, दर वैशाखात जत्रेआधी ती शिडीवर चढायची, त्याचे पाय बघायची आणि खाली येऊन सांगायची की झिजल्या, नव्या सांग. एकदा मी स्वतः चढून पाहिलं. टाच कुरतडलेली होती खरी. माळ्यावर उंदीर झालेत, हे मी तिला सांगितलं नाही. चांभाराकडे गेले.