मशिदीत पेटी वाजवणाऱ्या मोठ्या सिस्टर

मोठ्या सिस्टर नाडी बघताना घड्याळाकडे बघत नसत. रोग्याचं मनगट उजव्या हातात, डोळे मिटलेले, आणि डावा हात अंगाशी सावकाश पुढेमागे होत असलेला. नवीन माणसाला वाटायचं, बाईंच्या हाताला कसला तरी झटका येतो. तो झटका नव्हता, पेटीचा भाता होता. मनातल्या मनात भाता हलवत त्या नाडी मोजायच्या, मग मनगट अलगद खाली ठेवून म्हणायच्या, "लय सुटलीय. डॉक्टरांना बोलवा." डॉक्टर यायचे, नळी लावून ऐकायचे, आणि बहुतेक वेळा लय सुटलेलीच असायची.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच सुमाराला त्या आमच्या सरकारी दवाखान्यात मेट्रन म्हणून आल्या. दवाखान्याची पाटी मोठी झाली होती, खाटा वाढल्या होत्या, नळाचं पाणी मात्र दिवसाआड यायचं. मी लॅबमध्ये असिस्टंट होतो. क्वार्टर्सच्या ओळीत शेवटची खोली बाईंना मिळाली, तिच्या अलीकडची माझी. टेम्पोतून दोन ट्रंका उतरल्या, एक पितळी दिवा उतरला, आणि गोधडीत गुंडाळलेली पेटी. ती त्यांनी हमालाला उचलू दिली नाही. लेकरासारखी छातीशी धरून स्वतः आत नेली. मागून कुणी नवरा, मुलं, सासू उतरेल म्हणून आम्ही थोडा वेळ बघत उभे राहिलो. कुणीच उतरलं नाही.

त्यांचं नाव ऐकून सगळ्यांनी त्यांना ख्रिश्चन ठरवून टाकलं. पहिल्या रविवारी आमच्या वॉर्डातल्या आयाबाई हमीदाबी यांनी विचारलं, "चर्चकू नै गये बाई?" बाई म्हणाल्या, "आमचा वार शनिवार. आणि आमची ती मशीद." हमीदाबी चक्रावल्या. त्यात बाईंनी भर घातली, "वर्षातून एकदा गावी जाते मी. मशिदीत पेटी वाजवायला." हमीदाबींनी झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अब्बी आयी, और अब्बीच पागल हुई क्या?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. त्या बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. कोकणातल्या गावांत त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आपल्या प्रार्थनामंदिराला ते मशीदच म्हणत आले. "प्रार्थनेला पेटी नाही चालत," बाई म्हणाल्या. "पण आमच्यात कीर्तन असतं. मराठीत. साक्या, दिंड्या, सगळं. गोष्टी आमच्या नबींच्या. त्या कीर्तनाला मी साथ करते, मशिदीच्या पडवीत." हमीदाबींनी विचार केला आणि हळूच म्हणाल्या, "पडवीमें चलता हुइंगा."

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बाई दिवा लावायच्या. शनिवारी चूल नाही, शिवण नाही, पेटीला हात नाही. वॉर्डात मात्र शनिवारीही जायच्या; जीव अडला असेल तिथे वार बघायचा नसतो, हे त्यांच्या धर्मातच आहे म्हणायच्या. सकाळी पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून त्या उभ्यानं प्रार्थना म्हणत. पातळ भिंतीतून मला ते ऐकू यायचं. म्हणता म्हणता मध्येच आवाज थांबायचा, काही वेळ काहीच नाही, मग पुढे सुरू. एकदा मी विचारलं, विसरता का? "विसरत नाही. त्या ओळी दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाहीत. मी गप्प उभी राहते आणि मग पुढचं म्हणते." दहा कुठले, उस्मानाबादेपासून नांदेडपर्यंत त्यांच्या माहितीत त्यांचा एकही माणूस नव्हता.

मी मूळचा रेणापूरचा. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होतो. मोठा झालो तो आमच्या गल्लीतल्या गायन पार्टीत ढोलकी आणि तबला वाजवत. लॅबमध्ये काचा सुकेपर्यंत टेबलावर बोटं चालायची. एक दिवस बाई रिपोर्ट न्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वाघमारे, तुम्ही तिसऱ्या मात्रेनंतर पळता. संध्याकाळी तबला घेऊन या."

तेव्हापासून सात वर्षं, ड्यूटी जुळली की संध्याकाळी आम्ही बसत असू. बाईंच्या खोलीत, दार सताड उघडं. लोकांनी आधी कुजबुज केली, पण दारातून ऐकू येणारी बोलणी बहुतेक मला बसणारीच असायची, त्यामुळे ती कुजबुज आपोआप विरली. बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं: "कीर्तनकार पुढं, आपण मागं. दिसायचं नाही आणि सोडायचं नाही." नव्या नर्सलाही त्या हेच सांगत, फक्त कीर्तनकाराच्या जागी रोगी म्हणत.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या गावचा तबलजी इस्राएलला निघून गेला. आमच्या क्वार्टर्सला पोस्टमन आला की बाईंचा चेहरा उतरायचा, कारण पत्रात हमखास कुणीतरी गेल्याचं असायचं. 'गेला' म्हणजे वारला नव्हे, विमानानं गेला. भाऊ गेला, मावसबहीण गेली, शेजारचं घर गेलं. या खेपेला तबलजी गेला आणि बाई म्हणाल्या, "वाघमारे, चलता का?"

मी जरा घुटमळलो. आमच्या पार्टीला गावोगाव पारापर्यंत बोलावत, देवळाच्या पायरीपर्यंत नाही. "बाई, तिथं मी चालेन का?"

"कीर्तनाला तबला चालतो का, ते विचारा. चालतो."

लातूरहून पुणे, पुण्याहून खाली कोकण, दीड दिवसाची एसटी. अलिबागकडचं ते गाव नारळीत बुडालेलं. एवढं हिरवं बघून माझे डोळे दुखले. मशीद पांढरी, बसकी. आत जाताना एका म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि जात विचारायच्या ऐवजी विचारलं, "मासे खाता ना?" चाळीसेक माणसं असतील, बहुतेक साठीच्या पुढची. कीर्तनकार म्हणजे बाईंचे चुलते, त्यांना सगळे आबा म्हणत. निवृत्त शिक्षक, उंच, आवाज खणखणीत. त्या रविवारी दुपारी त्यांनी एलियाहू नबीची कथा लावली: दुष्काळ पडलेला, विधवेच्या घरात मूठभर पीठ आणि थेंबभर तेल, आणि नबी तिला म्हणतो, आधी मला भाकर कर. ती करते, आणि पाऊस पडेपर्यंत तिचं पीठ सरत नाही.

मी त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा बघितलं म्हटलं तरी चालेल. वॉर्डात कपाळाला कायम एक आठी असलेली ही बाई पेटीवर हसत होती. आबा एक ओळ म्हणून थांबायचे आणि बाई ती ओळ सुरांतून अशी परत करायच्या की म्हातारे माना डोलवायचे. नंतर गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा सगळ्यांनी एकाच परातीभोवती बसून खाल्ला. त्यात मीही होतो. परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत बाई बोलत होत्या. पुणे सुटलं तशा गप्प झाल्या आणि लातूर येईपर्यंत त्यांची आठी जागेवर आली होती.

तीन वर्षं आम्ही असे गेलो. चाळीसाचे तीस झाले, मग वीसेक.

चौथ्या वर्षी आमच्याकडे पाऊसच झाला नाही. मांजरेच्या पात्रात लोकांनी झरे खणले. दवाखान्यात टँकर यायचा आणि बाई पाइपाजवळ स्वतः उभ्या राहायच्या. "पाणी आधी हाताला, मग तोंडाला," असं डॉक्टरांनाही ऐकवायच्या. त्या उन्हाळ्यात आबांचं पत्र आलं. घर विकलं होतं. मुलगा इस्राएलहून न्यायला येणार होता. जायच्या आधी एक शेवटचं कीर्तन ठेवलं होतं, तारीख कळवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'तू आल्याशिवाय सुरू करणार नाही.'

आमची सुट्टी मंजूर झाली. निघायच्या दिवशी चारची गाडी होती. बाईंनी कीर्तनाला नेसायची निळी साडी नेसली होती, पेटी गोधडीत बांधून दाराशी ठेवली होती. तीन वाजता चाकूरकडून एक टेम्पो आला. एकाच गावची अकरा माणसं, गॅस्ट्रोनं पिळवटलेली. गावातल्या विहिरीच्या तळाचा गाळ ढवळून प्याले होते. पाठोपाठ बैलगाडी, मग आणखी एक टेम्पो. खाटा संपल्या, व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या. एका बाईनं मोठ्या सिस्टरच्या निळ्या साडीचा पदर धरला. "बाई, लई उलट्या करायलंय माझं लेकरू. डोळे फिरवायलंय बगा. जाऊ नगा."

बाईंनी पदर सोडवला नाही. तिथेच खाली बसल्या आणि मुलाचं मनगट हातात घेतलं.

पाच मिनिटांनी त्या पांढऱ्या साडीत बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "वाघमारे, तुम्ही निघा. गाडी मिळेल अजून. पेटी नाही तर तबला तरी होईल आबांना."

"तुम्हाला सोडून? आणि हे नमुने कोण तपासणार?"

"दुसरा माणूस आहे ना लॅबला."

दुसरा माणूस होता, हे खरं आहे. मी गेलो नाही, हेही खरं आहे. तेव्हा मला वाटलं, मी बाईंच्या सोबतीनं राहिलो. आज वाटतं, त्यांच्याशिवाय त्या पडवीत जाऊन बसायची मला भीती वाटली. दीडशे वर्षांची ती मशीद, शेवटचं कीर्तन, आणि त्यात एकटा मी, रेणापूरचा. बाईंनी पुन्हा आग्रह केला नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि वॉर्डात गेल्या.

ते लेकरू वाचलं. त्या टेम्पोतल्या दोन म्हाताऱ्या वाचल्या नाहीत. कीर्तनाच्या दिवशी दुपारी बाई व्हरांड्यात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होत्या. चार वाजता, तिकडे कीर्तन सुरू व्हायच्या वेळेला, क्षणभर थांबल्या, खिडकीबाहेर बघितलं आणि पुढच्या रोग्याची बाटली बदलली. एवढंच.

पंधरा दिवसांनी गावाहून एका नातलगाचं कार्ड आलं. आबांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग साथीशिवाय कीर्तन केलं. मशिदीची किल्ली शेजारच्या कोळ्याकडे दिली आहे. बाईंनी कार्ड मला वाचायला दिलं. मी खाली मान घालून म्हणालो, "बाई, मी जायला पायजे होतं." त्यांनी कार्ड परत घेतलं आणि म्हणाल्या, "हो. जायला पाहिजे होतं." त्यांनी मला उगीच धीर दिला नाही, याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे.

पुढे आठ-नऊ महिने पेटी गोधडीतच राहिली. मी संध्याकाळी दारावरून जायचो, बाई खुर्चीत बसलेल्या असायच्या, हातात काहीच नाही. मग तिकडून आलेल्या कुणा नातलगाबरोबर आबांनी एक कॅसेट पाठवली. मी पार्टीचा टेपरेकॉर्डर आणला. बटण दाबलं. आबांचा आवाज, थोडा थकलेला: "बाळे, तुझ्यासाठी कीर्तन परत केलं आहे. इथे साथीला कुणी नाही. तुझ्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. भरून घे." आणि त्यांनी नबीची कथा सुरू केली. एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. टेप नुसतीच खरखरत फिरायची. बरोबर तेवढाच वेळ, जेवढा बाईंना लागायचा. मग पुढची ओळ.

पहिल्यांदा बाई नुसत्या ऐकत राहिल्या. कॅसेट संपली तेव्हा उठल्या, गोधडी सोडली, पेटीवरची धूळ पदरानं पुसली. मी न सांगता तबला आणला. दुसऱ्यांदा कॅसेट लावली आणि बाईंनी पहिली जागा भरली. दारात हमीदाबी येऊन बसल्या. मागोमाग नर्सा आल्या, पलीकडच्या तेलाच्या दुकानाच्या मालकाची म्हातारी आई गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून उंबऱ्यापाशी टेकली. पिठाचं मडकं रिकामं होत नाही ती ओळ आली तेव्हा म्हातारी म्हणाली, "खरं हाय." आबा शेवटी आशीर्वाद देऊन थांबले. बाई मात्र थांबल्या नाहीत. टेप नुसती फिरत होती आणि त्या वाजवत होत्या. मी ठेका धरून राहिलो, कारण सोडायचं नसतं.

निवृत्त झाल्यावर त्यांना इथे राहायचं होतं असं मला वाटायचं. त्यांनाही वाटत असावं. औसा रोडला एक खोली त्या बघूनही आल्या होत्या. पण तिकडे आबा अंथरुणाला खिळले आणि मुलगा-सून दोघं कामाला जाणारी. "म्हाताऱ्याला कुणीतरी उठवून बसवायला पाहिजे," म्हणाल्या. ज्या दोन ट्रंका आल्या होत्या त्याच गेल्या. स्टँडवर मी नमस्काराला वाकलो तर त्यांनी हात धरून उभं केलं आणि सवयीनं दोन बोटं मनगटावर ठेवली. गाडी हलली.

तिकडून वर्षाला एखादं पत्र यायचं. 'आबा मला पाहून कोण म्हणून विचारतात, पण ओळ चुकली तर लगेच दुरुस्त करतात,' असं एकात होतं. आबा गेल्याचंही एक आलं. नंतरच्या पत्रात होतं की त्यांच्या वस्तीतल्या मराठी मंडळींनी महिन्यातून एकदा कीर्तन सुरू केलं आहे, मुलांना भाषा कळत नाही तरी लाडवासाठी येतात. 'इथला तबलजी घाई करतो. मी त्याला बोलत नाही, म्हातारा आहे बिचारा.'

ते शेवटचं. त्यानंतर पुढच्या वर्षी त्यांच्या भाचीचं पत्र आलं, तिला मराठी लिहिता येत नाही म्हणून इंग्रजीत. बाई झोपेतच गेल्या होत्या. त्यांच्यात त्याच दिवशी पुरतात, त्याप्रमाणे पुरलं होतं. तारीख वाचून मी बोटांवर मोजलं. पाच आठवडे होऊन गेले होते. त्या पाच आठवड्यांत मी रोज ड्यूटीवर गेलो होतो, दोन लग्नांत तबला वाजवला होता, आणि त्यांना एक लांबलचक पत्र टाकलं होतं. यंदा मृग चांगला लागला, हमीदाबीला नातू झाला, असं सगळं त्यात होतं, आणि शेवटी विचारलं होतं, तो तबलजी अजून घाई करतो का.