शून्यावर मेलेली चोरटी

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी मला आजही येत नाही, आणि ज्या खेळाबद्दल मी लिहिते आहे त्याची दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. तरी जुनं पुस्तक बरं की नवं, यावर मला मत आहे. जुन्या पुस्तकानं आमच्या शेजारणीला मारलं तेव्हा मी समोर बसले होते, आणि नवं आलं तेव्हाही.

आम्ही कामतघरला चाळीत राहायचो. नवरा कोर्टात कारकून. धाकटा दीर शाळेत चित्रकला शिकवायचा, तो आमच्यातच राहायचा. आमच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. त्या खडखडाटात नवरा-बायकोचं भांडणसुद्धा खुणांवर चालायचं, त्यामुळे ते लवकर मिटायचं. शुक्रवारी लूम बंद असायचे. शुक्रवारी संध्याकाळी कामतघरला माणसांना एकमेकांचा आवाज ऐकू यायचा, आणि हा खेळ सगळा बोलण्याचा, म्हणून आमचा खेळ शुक्रवारचा.

ऐंशी सालानंतर कधीतरी दिराच्या एका मित्रानं, जो बोटीवर नोकरीला होता, त्याला परदेशातून एक खोका आणून दिला. आत पातळसं पुस्तक, एक मेणाचा खडू आणि चित्रविचित्र फासे. एक फासा चार बाजूंचा, एक आठ, एक तर वीस बाजूंचा, सीताफळासारखा. आकडे दिसावेत म्हणून त्यांत खडू घासायचा होता. खडू लवकरच हरवला, मग मी कुंकू भरलं. मी दारात बसून फाशांना कुंकू लावत होते तेव्हा शेजारीण पाणी घेऊन आली. हंडा खाली न ठेवता ती लांबूनच म्हणाली,

"वयनी, ह्ये करनीचं हाय का?"

"खेळ आहे. ये, बस."

"करनी असंल तर सांग. माजं बी एक काम हाय."

अशी ती खेळात आली. शेलार गावची, शेतकऱ्याघरची. नवरा लूमवर, आणि ही घरी बसून दिवसभर चाकावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसतात त्या सुताच्या नळ्या. बोलायला आमच्या चाळीत तिच्या तोडीचं कुणी नव्हतं.

खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गुहा सांगायची. ते काम दिराचं, कारण पुस्तक त्यालाच वाचता यायचं. बाकीच्यांनी आपण त्या गुहेत कोण ते ठरवायचं आणि काय करतो ते तोंडानं सांगायचं. जमलं की नाही ते फासा सांगणार.

"म्हणजे थापा मारायच्या आणि फाशानं पंच व्हायचं," नवरा म्हणाला. पण बसला.

मी बुटकी झाले, कारण चित्रातल्या बुटक्याच्या हातात कुऱ्हाड होती. मी दिराला विचारलं, हिचा धंदा काय? तो म्हणाला, "वहिनी, या पुस्तकात बुटका ही जात, आणि बुटका हाच धंदा." मला हसूच आलं. एवढ्या लांबून खोका आणला आणि आत आमचंच गाव निघालं.

नवरा झाला लांबकान्या. रानातली एक उंच, देखणी जात. जुन्या पुस्तकात त्या जातीची चैन होती. तलवार चालवायची, मंत्रही टाकायचे, आणि वर अंगभर लोखंडी चिलखत घालायचं. माझा नवरा काडी होता. साहेबांनी हाक मारली की त्याच्या हातातली फाइल खाली पडायची. त्यानं दिराला पहिला प्रश्न विचारला तो चिलखताचा.

"पायापर्यंत येतं का रे?"

"येतं, दादा."

"मग लिही."

शेजारीण चोरटी झाली. कुलपं उघडायची, दाराला कान लावून पलीकडचं ऐकायचं, अंधारात भिंतीला धरून पुढे जायचं. तिनं चोरटीला स्वतःच्या सासूचं नाव दिलं, म्हणून ते इथे लिहीत नाही. आधी आम्हाला वाटलं चेष्टा आहे. पण दोन-तीन पावसाळ्यांत ती चोरटी खेळाच्या इतक्या पायऱ्या वर गेली की तिच्याशिवाय आमचं पाऊल पडेना. शेजारीण कांड्या भरताना आठवडाभर विचार करायची आणि शुक्रवारी येऊन सांगायची, "मास्तर, त्या लोखंडी दाराला मी आज खालून हात घालनार." दीर रात्री बसून गुहेचे नकाशे काढायचा आणि ही त्या नकाशात नसलेल्या वाटा काढायची.

मग ती मेली. म्हणजे चोरटी.

एका बोळात फरशीवर हिचा पाय पडला आणि भिंतीतून भाला आला. दिरानं फासा टाकला, तिच्या जिवाच्या आकड्यातून वजाबाकी केली आणि मान खाली घातली.

"शून्याच्या खाली गेली, ताई. या पुस्तकात शून्य म्हणजे मेली."

"मेली म्हंजे? बोलतेय की मी."

"तुम्ही बोलताय. ती मेली."

शेजारणीनं डोक्यावर पदर घेतला. मग म्हणाली, "बरं. तोंडात पानी घाला तिच्या कोनीतरी."

नवऱ्याच्या पखालीतलं पाणी संपलेलं होतं. गुहेत दोन खोल्या मागे त्यानं त्यातच चिलखतावरचा चिखल धुतला होता. माझ्या पिशवीत एक बाटली होती, जखमेवरचं जादूचं औषध, तेही आमच्यातलं शेवटचं. मी म्हटलं, हेच घालते.

"वहिनी, मेलेल्याला औषध? वाया जाईल."

"जाऊ दे. माझ्यासमोर कुणी कोरड्या तोंडानं जाणार नाही."

दिरानं माझ्या कागदावरची बाटली खोडली. मग प्रश्न आला मढं उचलण्याचा. उचलायचं तर नवऱ्यानं उचलायला हवं होतं, मी बुटकी, माझ्या खांद्यावरून तिचे पाय फरफटले असते. नवरा म्हणाला, चिलखत काढल्याशिवाय वाकता येत नाही, आणि अशा जागी चिलखत काढणं शहाणपणाचं नाही. म्हणून तिला तिथेच ठेवलं. निघताना त्यानं तिचे मऊ तळव्याचे जोडे मात्र काढून घेतले. "तिला आता काय उपयोग," म्हणाला. शेजारीण समोरच बसली होती. तिनं नुसतं बघितलं.

दीर मऊ स्वभावाचा. त्यानं तिला नवीन चोरटी करून देतो म्हणून सांगितलं, पहिल्या पायरीपासून. ती म्हणाली, "मास्तर, म्हस मेली तर बाजारातनं दुसरी आनतात. मानसाचं तसं असतंय का?" आणि उठून गेली.

त्यानंतर ती शुक्रवारी आली नाही. नळावर भेटायची, बोलायची, पण खेळाचं नाव काढलं की हंडा उचलायची. तिला ती चोरटी हवी होती, तीच, दुसरी नको. कारण मी विचारलं नाही. दिवसभर चाक फिरवणाऱ्या बाईला बंद दारं उघडावीशी का वाटतात, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

आमचा खेळ मात्र बेचव झाला. कुलूप आलं की मी कुऱ्हाडीनं दार फोडायची, त्या आवाजानं आतलं सगळं जागं व्हायचं, आणि मग नवरा मंत्र टाकायचा. दर शुक्रवारी हेच. घरी लूम आणि खेळात कुऱ्हाड.

नव्वद साल उलटल्यावर तो बोटीवाला मित्र पुन्हा आला आणि नवं पुस्तक देऊन गेला. जाड, पक्क्या पुठ्ठ्याचं, भरपूर चित्रांचं. दिरानं शब्दकोश घेऊन ते वाचून काढलं आणि शुक्रवारी आम्हाला फरक सांगायला बसला.

नव्या पुस्तकात जात वेगळी आणि धंदा वेगळा. बुटकीनं लढावं, चोरी करावी, देवाचं करावं, तिची ती मुखत्यार. फक्त जादू करायची नाही. मला हे बरं वाटलं, पण सगळ्याला नवे तक्ते आणि नव्या बेरजा. जुन्या पुस्तकात माझी बुटकी एका पानात मावायची, नव्यात तिचं रेशनकार्ड झालं. चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत चांगलं, हा उफराटा हिशेब मात्र दोन्हीकडे तसाच. तो मला कधी पटला नाही.

मग दीर नवऱ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, नव्या नियमात लोखंडी चिलखत घालून मंत्र चालत नाहीत. हात मोकळे लागतात."

"म्हणजे?"

"एक तर चिलखत, नाही तर मंत्र."

"हे पुस्तक मला मान्य नाही," नवरा म्हणाला. माझ्या संसारात त्यानं इतक्या ठामपणे कशालाच नकार दिला नव्हता, माझ्या भावानं दिलेल्या स्कूटरलाही नाही.

शेवटी दिरानं एक निळी चौकट दाखवली. त्यात लिहिलं होतं की, गुहा सांगणाऱ्याची इच्छा असेल तर शून्यावर माणूस लगेच मरत नाही. निपचित पडतो, दर खेपेला एकेक आकडा खाली जातो, आणि उणे दहाला मरतो. तोवर कुणी काही केलं तर वाचतो.

मी तशीच उठले आणि भिंतीवर थाप मारली. शुक्रवार होता, ऐकू गेलं. शेजारीण ओल्या हातानं आली. दिरानं तिला चौकट वाचून दाखवली. ती खाली बसली.

"मंग माजी चोरटी कितीवर होती?"

दिरानं जुना हिशेब आठवला. "उणे दोन."

"म्हंजे जिती होती."

"नाही, नाही," नवरा मध्ये पडला. "नवा कायदा आजपासून लागू. निकाल लागल्यावर कायदा बदलला, तर मागचा निकाल बदलत नाही. हे कोर्टाचं तत्त्व आहे."

"भावजी, कोरटात तुमी निकाल देता का फायली उचलता?"

"तत्त्व तेच राहतं."

"तुमाला चिलखत वाचवायचंय, ते सांगा की."

नवरा म्हणाला की चिलखताचा यात काही संबंध नाही. मग आवाज चढवून म्हणाला, धरून चाला नवा कायदा, तरी तिला कुणी पट्टी बांधली? कुणी नाही. म्हणजे ती उणे दहापर्यंत गेली. दोन्ही पुस्तकांनी मेलीच. हे बोलून त्यानं असं बघितलं की जणू समोर साहेबच बसलेत आणि मान डोलावताहेत.

शेजारीण पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी.

मी म्हटलं, "पट्टी नाही बांधली. औषध पाजलं होतं की."

दिरानं माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकात. पान उलटलं, परत मागं आलं. बोट ठेवून ओळ वाचली, शब्दकोश उघडला, आणि सगळं एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं.

"एक," तो म्हणाला. "औषधानं ती एकावर आली. दिवसभर अंगात त्राण नसणार. पण जिवंत आहे."

"अजून? तिथंच?" शेजारणीनं विचारलं.

"तिथंच. तुम्ही लोक गेलात त्यानंतर ती जागी झाली."

मला वाटलं ही आता रडणार. ती माझ्या नवऱ्याकडे वळली.

"माजे जोडे काडा."

नवरा म्हणाला, ते त्याच्या लांबकान्याच्या पिशवीत आहेत, वापरलेले नाहीत, आणि मापानं तसेही लहान आहेत. ती म्हणाली, तुमी मला अंधारात अनवानी टाकून गेलात, चिखल धुवाया पानी होतं, तोंडात घालाया न्हवतं. हे खोटं नव्हतं, म्हणून कुणी तिला अडवलं नाही.

दिरानं तिथेच खेळ सुरू केला. म्हणाला, तुम्ही दोघं त्या बोळाच्या तोंडाशी आलात, पलीकडे अंधारात ती बसली आहे, मध्ये फरशांचा सापळा पुन्हा ताणला गेला आहे, आणि पुढची वाट तिकडूनच आहे. कुठल्या फरशीवर पाय द्यायचा हे तिनं चाचपून ठेवलंय, तुमच्या तिघांत फक्त तिला माहीत.

"मी वाट दाखवीन," शेजारीण म्हणाली. "पर एक अट हाय. नवं पुस्तक लागू. सगळ्यांना. मी जिती ज्या पुस्तकानं, त्याच पुस्तकानं तुमचं चिलखत जानार. अर्धं पुस्तक घेता यायचं न्हाय."

नवऱ्यानं दिराकडे बघितलं. दीर पेन्सिलीला टोक काढू लागला. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अहो, तिचं म्हणणं बरोबर आहे. काढा."

बाहेर कुणी सायकलला हवा भरत होतं. नवऱ्यानं आपला कागद पुढे ओढला आणि त्यावरचं चिलखत रबरानं खोडलं. नीट खोडलं, कारकुनासारखं, मागं ठिपका न ठेवता.

"आता माझ्या अंगावर काय राहिलं?" त्यानं दिराला विचारलं.

"झगा, दादा. मांत्रिकांचा असतो तो."

"कशाचा?"

"कापडाचा."

"टेरीकॉटचा घ्या, भावजी," शेजारीण आपले जोडे हवेतल्या हवेत चढवत म्हणाली. "सुती चुरगळतो."