दिवाळसणाची पुस्तकं

आमच्या घराण्यात मी कॉम्प्युटरवाला. कारण एवढंच, की शेवगावात माझं खतांचं दुकान आहे आणि बिलं मी कॉम्प्युटरवर काढतो. लग्नकार्यात कुणाचा मोबाईल अडला की तो माझ्याकडे येतो. मी बंद करून चालू करतो. चालू झाला तर नुसती मान डोलावतो, नाहीच झाला तर म्हणतो, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, पुण्याला दाखवा."

जावई पुण्यातला प्रोग्रामर मिळाला, तेव्हा मला बरोबरीचा माणूस भेटल्यासारखं झालं. पहिल्या दिवाळसणाला जावयाला अंगठी द्यायची रीत. मी बायकोला म्हणालो, "अंगठी कुणीही देतं. आमचं क्षेत्र एक आहे, मी पुस्तकं देणार."

"द्या. पन अंगठी मी घेऊन ठेवते."

नगरच्या दुकानात असल्या पुस्तकांची अख्खी भिंत होती. माझी निवडीची पद्धत सोपी: मधलं पान उघडायचं, काही कळलं नाही की पुस्तक चांगलं. तसं प्रोग्रामिंगचं एक जाडजूड घेतलं. जावयाला नव्या नव्या मोबाईलचं वेड, म्हणून दुसरं मोबाईलचं. कव्हरवर पोट उघडलेला फोन, आत सर्किटचे नकाशे. मला ओ की ठो कळलं नाही. मागची बाजू न बघताच दोन्ही चकचकीत कागदात बांधून घेतली.

पाडव्याला जावयाला ओवाळलं, अंगठी दिली आणि मी पुस्तकं पुढे केली. कागद सोडून जाडं बघून तो हसला. दुसरं त्याने उलटून मागचा मजकूर वाचला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मुलीने पुस्तक ओढून घेतलं. मागे ठळक छापलं होतं: नोकरी गेली? घाबरू नका. मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाका.

"पप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"ह्यांची नोकरी गेली ते. सण झाला की सांगणारच होतो आम्ही. तर तुम्ही असं, ओवाळणीच्या ताटाशेजारी?"

जावई खाली बघत म्हणाला, "राहू दे. मामा चुकीचं नाही बोलले."

मी बोललोच नव्हतो. पण हा टोमणा नव्हे हे पटवायचं, तर पुस्तक न कळता आणलं हे कबूल करायला हवं. तेही केलं. "मला ह्यातलं काहीच कळत नाही," मी म्हणालो.

"पप्पा, आता पुरे." इतक्या वर्षांच्या बढाया आडव्या आल्या, तिला ते खरंच वाटेना.

शेवटी बायको धावून आली. "जावईबापू, देवाशपथ सांगते, ह्यांना खरंच काय बी कळत न्हाई. ओटीपी आला की मी वाचून दाखवते. मागं दुकानातलं मशीन बंद पडलं, तर वायर सैल हुती, अन् हे पुण्याहून माणूस बोलवायला निघाले हुते."

"आला नाही तो," मी म्हणालो.

जावई आधी गालात हसला, मग मोठ्याने. मुलगी हसली नाही. मी मान खाली घालून करंजी कुरतडत बसलो.

निघताना जावयाने जाडं पुस्तक कॉटवर ठेवलं. "हे असू द्या, मामा. ह्यातलं मला येतं." दुसरं मात्र त्याने पिशवीत घातलं.

ते त्याने गरज म्हणून नेलं की माझी लाज राखायला, मला अजून माहीत नाही. दर रविवारी विचारायचं ठरवून फोन लावतो, शेवगावात थंडी किती पडलीय ते सांगतो, आणि ठेवून देतो.