पाहुण्याचा पाट

बंगलोरजवळच्या आमच्या के. आर. पुरमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये कुणाकडे फोन नाही. निरोप स्टेशनवर येतो आणि पोर्टर घरी येऊन सांगून जातो. त्या मंगळवारी सकाळी पोर्टर आला नाही. स्टेशनमास्तर स्वतः आले आणि दारात टोपी काढून उभे राहिले. मी भाकरी थापत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आतच मी विचारलं, "अक्का गेली ना?" त्यांनी मान हलवली. तव्यावरची भाकरी करपली, पण उलटायला हात उचलेना.

पाच-सहा आठवडे झाले त्याला. माझी थोरली बहीण रत्ना, तिला मी अक्काच म्हणायची. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, रत्नाबाई शांतपणे गेल्या. माती देताना आमच्या चर्चचे पाळकसाहेबही म्हणाले, शांत स्वभावाची भगिनी होती. तेव्हा तिथेच ओरडावंसं वाटलं मला. अहो, माझी बहीण शांत नव्हती, ती गप्प होती. आणि तिला गप्प कुणी केलं हे त्या कबरीभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही बेळगावकडच्या. आप्पा आमच्या घरातले पहिले ख्रिस्ती. बाप्तिस्मा घेतल्यावर गावाने त्यांना पंगतीतून उठवलं, पुन्हा कुणी आमच्याकडे जेवायला आलं नाही. तेव्हापासून आप्पा रोज एक पाट जास्त मांडायचे. म्हणायचे, आपल्याकडे आता दुसरं कोण येणार? येईल तर प्रभूच येईल. आम्ही पोरी हसायचो. आप्पा गेल्यावर अक्काने घरातून दुसरं काही मागितलं नाही, तो पाट तेवढा बंगलोरला आणला. तिचे यजमान इथे सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. जयनगरात तेव्हा घरं कमी आणि चिखल फार, तिथे त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मूल झालं नाही. आणि एका पावसाळ्यात कावीळ झाली आणि यजमानही गेले.

त्यानंतरच्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळ्यांनी मोठमोठ्याने प्रार्थना केल्या. अक्काची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. घरी आली, पाट मांडला, समोर चटई टाकली आणि मांडी घालून, डोळे मिटून बसली. ते मग रोजचंच झालं. मी एकदा विचारलं, इतका वेळ त्याच्याकडे मागतेस तरी काय? तर म्हणाली, मागत नाही गं, नुसती बसते. पाहुण्याकडे कुणी मागतं का? याला ती ध्यान म्हणायची, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. ध्यान हा शब्द ऐकला की आमच्या मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या, कपाळाला आठ्या. ही मागल्या दाराने जुन्या धर्मात चालली, अशी कुजबुज सुरू झाली.

अशात अक्का तापाने अंथरुणाला खिळली. शेजारच्या शारदम्मा रोज सारू-भात घेऊन यायच्या, तिचं तोंड धुवायच्या, वेणी घालायच्या. कन्नड बाई, जीव लावणारी. त्यांना तो कोरा पाट बघवेना. देवाची जागा अशी ओकीबोकी कशी, म्हणून एके दिवशी त्यांनी पाटाला हळदकुंकू लावलं आणि परसातली अबोली वाहिली. नेमके त्याच संध्याकाळी पाळकसाहेब मंडळीच्या दोन वडिलांना घेऊन आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला आले. पाटाकडे पाहिलं आणि प्रार्थना राहिली बाजूला. पाट कुणाचा, त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, माझा. शारदम्मांचं नाव तिने घेतलं नाही.

ठरलं असं, की तिने मंडळीपुढे क्षमा मागायची आणि ध्यान सोडायचं. तोवर प्रभुभोजनाची भाकर, ख्रिस्ताच्या आठवणीत सगळे मिळून खातात ती, तिला द्यायची नाही. मी कडाकडा भांडले तिच्याशी. शेजारणीने केलं म्हणून सांगून टाक की गं! तेव्हा ती एवढंच बोलली, "तापात जिने माझं तोंड धुतलं तिला तोंडघशी पाडू? आणि ध्यान सोडू म्हणतेस, तर मग मला उरलं काय?"

पुढची कित्येक वर्षं छावणीतल्या ज्या शाळेच्या हॉलमध्ये आमची उपासना भरायची तिथे अक्का दर रविवारी येत राहिली, शेवटच्या बाकावर बसत राहिली. भाकरीचं ताट तिच्या डोक्यावरून पुढे जायचं. परतताना बसच्या रांगेत ती हळूच विचारायची, "आज भाकर कशी होती गं?" मी म्हणायची, कालचीच, वाळलेली. ताजी, मऊ असली तरी हेच सांगायची.

गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखणं निघालं. मांडी घालवेना, तेव्हा ती पाटासमोर आडवी पडून राहू लागली. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाली, "कुसुम, समोर कोणी नसतं गं आता. आधी असायचं. तिकडे भाकर नाही, इकडे कोणी येत नाही... मी जाऊ कुठे?" तशीच उठले आणि पाळकसाहेबांकडे गेले. हात जोडले, म्हटलं, एक घास तिच्या खाटेशी येऊन द्या. माणूस वाईट नाही हो, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण म्हणाले, तिने पश्चात्तापाचा एक शब्द तरी बोलावा. तो निरोप मी अक्काला दिला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग मीच केलं. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर घेतली, तोंडाशी नेली आणि पदरात बांधली. बसमध्ये पदर मुठीत घट्ट धरून जयनगर गाठलं. अक्काने तो तुकडा पाहिला. चोरून आणलास का, विचारलं. हो म्हटलं. तिची नजर तुकड्यावरून हलेना. वाटलं, आता खाईल... माझ्या बहिणीची भूक मला दिसत होती.

"पाटावर ठेव," ती म्हणाली. "इतकी वर्षं तोही माझ्याबरोबर बाहेरच बसलाय. उपाशी."

हे ती विश्वासाने बोलली की ग्लानीत, देव जाणे. खाल्लं मात्र नाही. मंगळवारी पहाटे गेली तेव्हा उशाशी शारदम्मा होत्या. आणि पाटावरचा तुकडा मुंग्यांनी नेला.

तिचं घर रिकामं करायला मी इथे आले आहे. भांडी बांधली, ट्रंक आवरली. पाट तिथेच आहे. रोज सकाळी मी त्याच्यासमोर बसते, डोळे मिटते. कोणी येत नाही. मनात घरमालक येतो, करपलेली भाकरी येते, अक्काचं ते भिंतीकडे वळलेलं डोकं येतं. डोळे उघडते आणि पुन्हा मिटते.

आज शारदम्मा अबोली घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या फुलांपायी काय झालं ते त्यांना अजून ठाऊक नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही म्हणूनच मी हे लिहू शकते. फुलं ठेवू का, असं त्यांनी हातानेच विचारलं. मी म्हटलं, ठेवा. "सरी," म्हणजे बरं, म्हणाल्या, आणि फुलं वाहून बोटाने कुंकूही लावलं.

संध्याकाळी पाळकसाहेब सांत्वनाची प्रार्थना घ्यायला येणार आहेत, मंडळीचे वडीलही बरोबर असतील. मी सतरंजी अंथरली आहे. पाट उचललेला नाही.