फोटोत नको असलेलं घर

शीळफाट्याजवळच्या टॉवरचं काम मला मिळालं तेव्हा माझा जुना कॅमेरा नुकताच कायमचा बंद पडलेला. लेन्स मात्र शाबूत होती, आणि इमारतींचे फोटो काढून पोट भरणाऱ्या बाईला तीच खरी महत्त्वाची. खालून उंच इमारत टिपायला कॅमेरा वर केला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. या लेन्सचा पुढचा भागच स्क्रू फिरवून वर सरकवता येतो. कॅमेरा जागचा हलत नाही, भिंती ताठ उभ्या राहतात. अशी लेन्स दुसऱ्यांदा घेणं मला शक्य नव्हतं. म्हणून डोंबिवलीतल्याच एकाकडून दुसऱ्या कंपनीचा जुना मिररलेस कॅमेरा घेतला आणि त्यावर ही लेन्स बसावी म्हणून मध्ये अ‍ॅडॅप्टर बसवला. बोटभर लांबीचं काळं नळकांडं, बाकी काही नाही.

बिल्डरच्या मार्केटिंगवाल्याला गाडीतून उतरताउतरताच ते दिसलं.

"कॅमेरा एका कंपनीचा, लेन्स दुसऱ्या कंपनीची? हे मधे काय आहे मॅडम, जुगाड?"

"अ‍ॅडॅप्टर."

"म्हणजे जुगाडच ना."

मी कॅमेऱ्याची तिवई लावत राहिले. तो माणूस तिथूनच माझ्या डोक्यात गेला.

टॉवरच्या गेटला लागून एक बैठं कौलारू घर होतं. अंगणात जवळा वाळत घातलेला, त्या बारीक सुक्या मासळीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मार्केटिंगवाल्याने नाकाला रुमाल लावला आणि फर्मावलं, "ते फ्रेममध्ये यायला नको. बघा, हे लोक जागा सोडत नाहीत."

काम माझंच होतं. मी स्क्रू फिरवू लागले. लेन्स वर सरकत गेली तसं स्क्रीनवर खालचं अंगण गेलं, मग पडवी, मग कौलं. टॉवर ताठ उभाच होता, घर तेवढं फ्रेमच्या खाली बुडत गेलं.

"काय करतंस गो पोरी?"

मागे एक म्हातारी उभी होती, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. कधी आली कळलंच नाही. स्क्रीनकडे बघत होती.

"टॉवरचा फोटो काढतेय, मावशी."

"माजं घर कुठं हाय त्यात?"

मी काही बोलायच्या आत मार्केटिंगवाला मध्ये पडला. "आजी, बाजूला व्हा. काम चाललंय."

"तुजी आजी नाय मी. ह्यो टॉवर उभा हाय ना, ती माज्या सासऱ्याची भाताची खाचरं. दिरांनी इकली. मी माजा तुकडा इकला नाय, म्हणून फोटोतनं काढता काय मला?"

"तुमचं घर दिसलं तर वरचे फ्लॅट कोण घेणार? जवळ्याचा वास घ्यायला येतील का लोक?"

ती अंगणात गेली, जवळ्याची पाटी उचलून आणली आणि नेमकी माझ्या तिवईच्या पायाशी ठेवली. मग स्वतः कॅमेऱ्यापुढे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर तिच्या लुगड्याचा हिरवा रंग तेवढा उरला.

"मावशी, माझं पोट आहे यावर," मी म्हणाले. आवाज चढलाच होता.

"मग भर दुसरीकडं."

शेवटी मार्केटिंगवाल्याने साइटवरचे दोन वॉचमन बोलावले. त्यांनी तिला हात लावला नाही, फक्त दोन बाजूंना येऊन उभे राहिले. ती आपणहून बाजूला झाली आणि जाताना माझ्याकडे बघून रस्त्यावर थुंकली. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे.

मी फोटो काढला. घर पूर्ण वगळायला लेन्स शेवटपर्यंत वर न्यावी लागली, आणि तिथे अ‍ॅडॅप्टरचं तोंड अपुरं पडलं. फोटोचे वरचे दोन्ही कोपरे काळवंडले. घरी बसून ते उजळवता आले असते; मी तसं सांगितलंही. पण त्याला हवं ते सापडलं होतं.

"बोललो होतो ना, जुगाड! आमच्या प्रोजेक्टचं आभाळ काळं? मॅडम, तुम्ही लग्नाचे फोटो काढा. बायकांना ते जमतं."

मी स्क्रू उलटा फिरवला. लेन्स खाली आली, कोपरे स्वच्छ झाले आणि तळाशी कौलं, पडवी, अंगण, सगळं घर परत आलं. मी तो फोटो काढला. दयेनं नाही, रागानं.

"हा घ्या, आभाळ स्वच्छ आहे," मी त्याला स्क्रीन दाखवली. "घर नको असेल तर दुसरा फोटोग्राफर बघा."

त्याने खरंच बघितला. काम गेलं.

काही दिवसांनी त्या फोटोची मोठी प्रिंट काढून मी त्या घरी गेले. का गेले, सांगता येत नाही. त्या थुंकण्याचं उत्तर द्यायचं असावं बहुतेक. म्हातारी पडवीत बसली होती. प्रिंट हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिली.

"ह्यो टॉवर कशाला घातलास ह्यात?"

"मावशी, तो मागेच आहे. घर आलंय ना पण?"

"मागं हाय ते रोज दिसतंय मला. नुसतं घर काढायचं व्हतं."

प्रिंट तिने पडवीच्या कठड्यावर उपडी टाकली आणि आत निघून गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी प्रिंट तिथेच सोडून रिक्षा शोधायला रस्त्यावर आले.