उसनं सोनं घालून बारामतीला

वरकुट्याहून बारामतीला निघालो ते पल्लवीच्या कागदांसाठी. पल्लवी माझी नात, नववीत आहे. बाप गेल्यापासून सरकार तिला बालसंगोपनाचे पैसे देतं, त्यावर शाळा चालते. यंदा पुन्हा तपासणी होती. नापास झालो तर पोरगी आईबरोबर खुरपायला जाणार. मी बोलते आणि तीच लिहिते, तेव्हा चुका तिच्या.

कचेरीत जायचं म्हणजे आमच्यात चांगलंचुंगलं नेसून जायचं. शेजारच्या हमीदाची बोरमाळ घातली, जावेचं जरीचं लुगडं नेसले. इंदापूरपर्यंत वडापची जीप, पुढं एसटी. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढं फुकट. म्हातारपणाचा एवढाच नफा. रस्ता इतका गुळगुळीत की दुतर्फा ऊस बघताबघता डोळा लागला. बारामतीचं स्टँड बघून तर इमान कुठनं उडतं, विचारणार होते. वडापाव तिथंच खा, मिरची मागून घ्या.

कचेरीतल्या मॅडमनी आधी दाखला बघितला, मग माझा गळा.

"आजी, उत्पन्न एवढंसं आणि माळ एवढी?"

"माळ हमीदाची, लुगडं जावंचं. दुखणारं गुडघं तेवढं माझं हाय."

मॅडम हसल्या, पण सही केली नाही. म्हणाल्या, "गुरुवारी घरी येऊन बघते." परतीच्या गाडीत पल्लवी खिडकीकडं तोंड करून बसली. मी बोरमाळ काढून पिशवीत ठेवली.

बुधवारी हमीदा धावत आली. "मावशी, सायकल आमच्यात ठिवा, पंखा काढा. गरीब दिसाया पायजे!"

पल्लवी सायकल घेऊन निघालीसुद्धा. मी म्हटलं, "ठिव तितं. सरकारच्याच पैशातनं घेतलीया, त्यांनाच दावू."

मॅडम आल्या. पत्र्याची एक खोली, पुस्तकं, सगळं बघितलं. "सायकल कशाला गं?"

पल्लवी म्हणाली, "शाळा लांब हाय. बागायतदाराची लेक गाडीतनं येती. मी चालत जायची तवा पहिला तास बुडायचा. गणित पहिल्याच तासाला असतंय."

मॅडमनी उंबऱ्यावर बसूनच सही केली. अशी बाई कचेरीत असावी.

बागायतदाराचं रान त्याच्याकडंच आहे, आमची खोली पत्र्याचीच. सरकारी पैशानं ते काही सारखं झालं नाही. पण हल्ली बागायतदाराची लेक रविवारी आमच्याकडं येते, पल्लवीकडनं गणितं समजून घेते. मी चहा करते. साखर तिच्याच बापाच्या उसाची असंल, म्हणून एक चमचा जास्तच घालते.